पाक इद्रिस यांच्या विसाव्याची जागा

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
घरच्या घरी चालण्याचा उपचार विभाग,
जिल्हा आरोग्य कार्यालय.

विषय : पाक इद्रिस यांचा विसावा अर्जदाराच्या अंगणातून पुढे हलवल्याबाबत तक्रार.
संदर्भ : आपल्या परिचारिका नोरायनी यांचा मंगळवारचा फोन.

महोदय,

१. अर्जदार हस्माह बिंती दाऊद ही कांपुंग पासिर बुलुह या गावची विधवा असून नदीकाठच्या रस्त्यावर राहते. घरापुढे बसायला लाकडी मंच आहे. या गावात मंचावर टेकलेल्याला पाणी विचारल्याशिवाय उठू देत नाहीत. आणि एखादा विधुर रोज एकाच बाईच्या मंचावर टेकू लागला, तर गाव समजायचे ते समजते. सोयरिकीची गोष्ट इथे कुणी तोंडाने काढत नाही. ती आडूनच येते.

२. इद्रिस, ज्यांना गाव मानाने पाक, म्हणजे काका, म्हणते, हे जुने नावाडी. मधुमेहाने पायातल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने चालले की त्यांची पोटरी कळ मारते. इस्पितळ लांब, म्हणून आपण त्यांना गावातच चालायला लावले : कळ येईपर्यंत चालायचे, थांबायचे, कळ गेली की पुन्हा निघायचे. नोरायनीबाई, ज्यांना गाव मिसी म्हणते, दर मंगळवारी फोनवर विचारपूस करणार. यात गैर काही नाही. परंतु कळ नेमकी अर्जदाराच्या मंचापाशी येते, हे आपल्या कार्यालयाने तिला कळवले नाही.

३. ते टेकत, पोटरी चोळत आणि म्हणत, "काय करू माह, पाय इथून पुढं जाईना." अर्जदारास वाटले, आडूनच बोलतायत. तिने त्यांच्यासाठी बिनसाखरेची कॉफी ठेवली, सोबत म्हणून स्वतःच्या कपातलीही साखर सोडली. मंचाची डगमगती फळी ठोकून घेतली. एकदा धीर करून तिने चार ओळींचे पंतून म्हटले :

सुपारीच्या झाडाला पानवेल गोल,
ओढ्यामध्ये हलते तिची सावली मंद;
पाहुण्याच्या पावलाचं कोण करील मोल,
दार उघडं ठेवायचा एकीलाच छंद.

ते मान डोलावून म्हणाले, "शब्द नव्हेत, मध आहे हा." ज्याला गोड वर्ज्य, तो माणूस मध म्हणतो तेव्हा बाईने काय समजावे, हे महोदयांनीच सांगावे.

४. मागल्या मंगळवारी फोन मंचावरच वाजला. पाक इद्रिस यांना कमी ऐकू येत असल्याने मिसींचा आवाज सगळ्या अंगणाने ऐकला. "पाक, आता कळ आली की लगेच बसू नका. थोडी सोसा, पुढच्या घरापर्यंत जा." ते म्हणाले, "जातो की. इथं बसून बसून मलाही कंटाळा आलाय." आणि अर्धी कॉफी तशीच टाकून ते गेले.

पुढचे घर अर्जदाराच्या चुलतबहिणीचे, सपुराहचे. तीही विधवा, आणि केळ्याची भजी तळते. ती नळावर चारचौघींत म्हणाली, "तुझ्याकडं दुखणं घेऊन आले ताई, माझ्याकडं बरे होऊन आले." पाक इद्रिस आता अर्जदाराच्या दारावरून जाताना हात हलवतात, होडीतून काठावरच्या अनोळखी माणसाला हलवावा तसा.

५. उपचार बंद करावा, असेच अर्जदार आधी लिहिणार होती. परंतु त्यांच्या पायाच्या अंगठ्यावरची जुनी जखम चालण्याने भरत आली आहे; मागे डॉक्टर पाय कापण्याचे बोलले होते. कुणाच्या पायाच्या मोलाने मंच भरावा, इतकी ती वाईट नाही. मग वाटले, त्यांना उलट्या बाजूने चालायला सांगावे. तेही व्यर्थ. पाय सुधारेल तशी कळ घरोघर पुढे सरकणार, आणि गावात विधवा पुष्कळ आहेत.

सबब विनंती की, मिसींनी फोन थांबवू नयेत, उलट नेटाने करावेत. पाक इद्रिस यांची कळ समूळ जावी. ते गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न अडता चालू शकावेत. आणि ज्या दिवशी ते जमेल, त्या दिवशी आपल्या कार्यालयाने त्यांना काहीएक सांगू नये. काही दुखत नसलेला माणूस कुणाच्या दारी टेकतो, एवढेच अर्जदारास बघायचे आहे.

आपली नम्र, आणि फसगत झालेली,
(सही) हस्माह बिंती दाऊद
कांपुंग पासिर बुलुह
दिनांक : १७ ऑगस्ट