तेरापर्यंत फिरून झालं

३ फेब्रुवारी, सकाळी ९

गुडघ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, रोज चाला आणि किती चाललात ते वहीत लिहा. म्हणून ही वही. शाळा माझी चौथीपर्यंत, पण अक्षर डॉक्टरपेक्षा बरं आहे. वही माझी, वाचणारी मीच. सुनेनं उघडली तर तिचा हात आणि माझी काठी.

चालायचं समोरच्या युनिव्हर्सिटीत. गेटवरचा वॉचमन फुकट नकाशा देतो, 'आपले आपण फिरा'. बावीस जागा, बावीस नंबर, रस्त्यावर निळे बाण. गाईड नाही, म्हणजे कुणाची टकळी नाही. रोज एक नंबर. बावीस दिवसांत युनिव्हर्सिटी संपवणार. पोरांना तीन-तीन वर्षं लागतात.

चौदा नंबरला शरीररचना विभाग आहे. आमचा म्हातारा तिथे आहे. त्याचा आणि माझ्या चालण्याचा काही संबंध नाही.

४ फेब्रुवारी

नंबर एक, मुख्य गेट. पाहिलं. गेट आहे.

म्हातारा तिथे आहे म्हणजे नोकरीला नाही. गेल्या मार्चमध्ये वारला आणि देहदान करून बसला. जन्मभर शिंपीकाम. गिऱ्हाइकाच्या कापडातली चिंधीसुद्धा कधी कुणाला फुकट दिली नाही, आणि मेल्यावर अख्खं अंग देऊन मोकळा. फॉर्मवर साक्षीदार म्हणून सही माझीच. वाटलं, नुसता बोलतोय. हॉस्पिटलातून गाडी परस्पर इकडे आली. पन्नास वर्षं लोकांची मापं घेतली, आता पोरं ह्याला कापतात.

त्याची कवळी तेवढी घरी राहिली. हॉस्पिटलची पिशवी भरताना सून विसरली. स्वयंपाकघराच्या खिडकीत पेल्यात आहे, पाण्यात. चौदा नंबर आला की जाता जाता देऊन टाकणार. उगाच एक पेला अडलाय.

७ फेब्रुवारी

नंबर दोन, संस्थापकांचा पुतळा. कोटाच्या बाह्या आखूड. दगडाचं माणूस हलत नाही, डुलत नाही, तरी माप चुकलं! मी हे मोठ्यानं म्हटलं. मागून कुणीतरी 'हं' केलं. वळून पाहिलं तर कुणी नाही.

कबुतर असेल.

११ फेब्रुवारी, दुपारी २

पेल्यातलं पाणी रोज बोटभर कमी होतं. सुनेला विचारलं, तू सांडतेस का. म्हणाली, आई, मी तिकडे बघतसुद्धा नाही, अंगावर काटा येतो. ही म्हणे आजकालची पोरगी.

कवळी काल बाहेर तोंड करून होती. आज माझ्याकडे. रस्त्यावरून ट्रक जातात, खिडकी हादरते.

१४ फेब्रुवारी

पोस्टमन पत्र देऊन गेला. युनिव्हर्सिटीचा शिक्का, जाड कागद. आभाराचं असणार. सून म्हणाली, आई, वाचून दाखवू का. म्हटलं, माझ्या नवऱ्याचं पत्र आहे, मला वाचता येतं. टाईप बारीक आहे. नवा चष्मा आला की वाचीन. तोवर पेल्याखाली ठेवलंय, खिडकीला ओलं कडं पडतं त्याचं. कागद चांगला आहे. पाणी पितो.

१९ फेब्रुवारी

नंबर सहा, लायब्ररी. एवढी पुस्तकं आणि एक माणूस हसताना दिसेल तर शपथ.

कोपऱ्यात खिडकीपाशी म्हातारा बसला होता. मान तशीच डावीकडे कललेली, सुईत दोरा ओवताना कलायची तशी. मी घाबरले नाही. जवळ गेले आणि म्हटलं, अहो, इथे काय करताय. खुर्चीवर कुणाचा तरी कोट टांगलेला होता. लायब्ररीवाल्या बाईनं मला शू: केलं. कोटाची कॉलर उसवली होती, ते कुणी बघत नाही.

जाताना वीस मिनिटं, येताना आठ. गुडघा सुधारतोय.

२४ फेब्रुवारी

नंबर नऊ, पदार्थविज्ञान. जिन्यात चार मजले उंचीवरून तार सोडलीय आणि तिला पितळी गोळा. सारखा हलतो, कुणी ढकलत नाही. एका मास्तरांना विचारलं. म्हणाले, आजी, गोळा आपल्याच रेषेत हलतो, फिरते ती खालची जमीन. म्हटलं, आमच्याकडेही असंच असायचं. चूक नेहमी खालच्याची.

पाऊण तास बघत बसले. हा इकडून तिकडे, तिकडून इकडे. बसल्या बसल्या आठवलं, हॉस्पिटलची पिशवी सुनेनं नाही, मी भरली होती. असो. गडबड होती. गडबडीत एखादी वस्तू राहते.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५

नंबर बारा, काचघर. बाहेर गारवा, आत झाडांना ऊब. माणसांच्या नशिबात नाही ते झाडांच्या.

काचेवर आतून वाफ धरली होती, आणि वाफेत पंजा उमटलेला. अंगठ्याशेजारचं बोट वाकडं. म्हाताऱ्याचं तेच बोट मशीनच्या सुईखाली गेलं होतं, ते कधी सरळ झालं नाही. माळ्याला विचारलं, आत कोण येऊन गेलं. म्हणाला, सकाळपासून तुम्हीच पहिल्या.

रुमालानं पुसून टाकलं. काच कशी स्वच्छ हवी. पुसल्यावर वाटलं, आधी आपला हात लावून बघायला हवा होता. पण कशाला.

१ मार्च

काचघरापासून गेटपर्यंत मागून चप्पल घासत येते. डाव्या पायाची. पायडल मारून मारून त्याचा तो पाय तसाच ओढायचा. मी थांबले की आवाज थांबतो. गेटवर वॉचमनला विचारलं, माझ्यामागे कुणी येतंय का. म्हणाला, आजी, मागे कुणी नसतं, पण तुम्ही रोज कुणाशी तरी भांडत येता.

उद्धट. मी नंबर पाठ करत असते.

४ मार्च

नंबर तेरा म्हणजे नुसता एक बाक. नकाशात लिहिलंय, 'येथे क्षणभर विसावा'. नकाशाचं ऐकावं लागतं. इथून चौदा नंबर दिसतो. रस्त्यापलीकडे, पन्नास पावलं. विटांची इमारत, हिरवं दार. कवळी डबीत घालून बरोबर आणलीय. आज दमले. उद्या.

५ मार्च

बाकावर. उशीर झाला. उद्या.

६ मार्च

गुडघा.

७ मार्च

चौदा नंबरचं दार सताड उघडं. उघड्या दारातून वारा येतो, मला सोसत नाही.

१० मार्च

तेरा आणि चौदा ह्यांच्या मधला निळा बाण पुसट झालाय. वॉचमनकडे तक्रार केली. म्हणाला, आजी, समोर तर दिसतंय. म्हटलं, नियम म्हणजे नियम. बाण नाही तर पाऊल नाही. तो म्हणाला, मग चौदा सोडा आणि पंधराला जा, तिकडे किडे आहेत, छान आहेत. मी म्हटलं, क्रम सोडून जगणारी मी नव्हे.

११ मार्च, दुपारी ३

लिहायचं नव्हतं, पण वही माझीच आहे.

मला त्याला एकच विचारायचंय. शेवटच्या दिवशी त्यानं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ बोलला. तोंडात दात नाहीत, नुसती हवा. दुकानात तोंडात सहा-सहा टाचण्या धरून बोलायचा आणि मला शब्दन् शब्द कळायचा. त्या दिवशी एक कळला नाही. मी आपली हो हो म्हणत राहिले. कशाला हो म्हटलं कोण जाणे. तो डोळे मिटून गप्प झाला, म्हणजे माझ्या 'हो'वर विश्वास ठेवला.

बहुतेक गॅस बंद केलास का, असंच काही असणार.

वर्षभर घरात तसाच पुटपुटतोय. दुपारी दोनला, खिडकीपाशी. कवळी हातात पडली की एकदाचा नीट बोलेल आणि जाईल. एवढंच काम. उद्या नक्की. बाण असो नसो.

१२ मार्च

साडेदहालाच तेरा नंबर गाठला. डबी पर्समध्ये. आणि नेमकी आज चौदा नंबरला ही गर्दी. इस्त्रीचे कपडे, हातात फुलं, काही घरं तर पोराबाळांसकट. पांढऱ्या कोटातली पोरं-पोरी दाराशी दोन रांगा करून उभी. कुणीतरी रिटायर होत असणार. एक कोटवाली पोरगी सारखी रस्त्यावर येऊन बघत होती, कुणाचं यायचं राहिल्यासारखी. माझ्याकडेही बघितलं. मी नकाशात तोंड घातलं. आमंत्रणाशिवाय कुणाच्या दारात मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही.

चपलेचा आवाज बाकापर्यंत आला होता. रोज मी थांबले की थांबतो. आज थांबला नाही. माझ्या समोरून रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

अकरा वाजता त्यांनी दार लावून घेतलं. मी घरी आले.

१३ मार्च

पेल्यातलं पाणी कमी झालं नाही. ऊन उतरलं असेल.

१७ मार्च, दुपारी २

सामसूम. काठीला नवं रबर बसवलंय, म्हणून मागून आवाज येत नाही. भुतंखेतं मी मानत नाही, हे मी पहिल्यापासून सांगतेय.

२१ मार्च

सून म्हणाली, आई, हल्ली घर शांत वाटतं, नाही? म्हटलं, तुला वाटत असेल, मला कामं आहेत. मग दिवसभर खिडकीपाशी बसून राहिले. दोन वाजले. अडीच वाजले. तीन.

२५ मार्च, संध्याकाळी ६

गेले. पन्नास पावलं म्हटलं होतं, त्रेसष्ट भरली.

हिरव्या दारातून आत गेलं की डावीकडे लोकांना बघायला एक दालन आहे. काचेची कपाटं, बाटल्या, हाडं. माणूस कुणी नाही. शेवटच्या कपाटात, काळ्या लाकडावर, चिठ्ठी लावलेली: 'दात नसलेला खालचा जबडा'. नवा चष्मा होता, स्वच्छ वाचलं. आणि वाचायची गरज नव्हती. हनुवटी पाहिली आणि ओळखली. पुढे आलेली, हट्टी.

म्हटलं, अहो, सापडलात.

स्टूल ओढून बसले. डबी उघडून कवळी काचेला लावून बघितली. जबडा जरा लहान वाटला, पण वर्षभरात माणूस झिजतो.

मग सगळं सांगून टाकलं. कवळी सून विसरली नाही. गडबडीतही राहिली नाही. धुवायला घरी आणली होती, डबीत घातली होती, डबी पिशवीत ठेवली होती, ती मी परत काढून खिडकीत ठेवली. आदल्या दिवसापासून तुम्ही वॉर्डात सगळ्यांवर हुकूम सोडत होतात. नर्सला, मला, शेजारच्या पेशंटला. मी तीन रात्री झोपले नव्हते. म्हटलं, दात नसले की दोन दिवस गप्प बसतील. शुक्रवारी घरी येणारच होतात. हेही सांगितलं की मी हो हो म्हटलं ते सगळं खोटं, मला काडीचं कळलं नव्हतं. म्हटलं, हे घ्या दात. आता बोला. ऐकते.

अर्धा तास थांबले. कोपऱ्यात फ्रिज घुरघुरत होता, तेवढंच.

मग दालनाचा अटेंडंट किल्ल्या घेऊन आला. म्हणाला, आजी, बंद करायची वेळ झाली. मी म्हटलं, आमच्या ह्यांच्याशी बोलतेय. त्याला आधी समजलं नाही. नाव सांगितलं तेव्हा ऑफिसातून रजिस्टर आणून बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, त्यांचा निरोप झाला की, बारा तारखेला. एका वर्षात देहदान केलेल्या सगळ्यांना एकत्र अग्नी देतात, त्याआधी इथे कार्यक्रम असतो, घरचे दोन शब्द बोलतात. तुम्हाला पत्र पाठवलं होतं. तुमच्याकडून कुणी आलं नाही, म्हणून त्यांच्या टेबलावर शिकणारी एक पोरगी बोलली. अकरापर्यंत रस्त्यावर वाट बघत होती. म्हणाली, ह्या आजोबांचं एक बोट वाकडं होतं, त्यात सुईची जुनी खूण होती, आम्ही ओळखलं, शिंपी असणार.

बरोबर ओळखलं पोरीनं.

मी कपाटाकडे बोट केलं. म्हटलं, मग हा कोण? तो म्हणाला, हा होय? हा मी नोकरीला लागायच्या आधीपासून आहे, चाळीस वर्षं तरी झाली असतील. एका बाईचा आहे.

घरी आले. पेला उचलला. पत्रावर गोल कडं उमटलंय, आणि कड्याच्या बरोब्बर मधे, जराही न फुटता: १२ मार्च, सकाळी ११. खाली लिहिलंय, 'आपली उपस्थिती प्रार्थनीय'. म्हणजे आमंत्रण होतं.

पाणी बदललं. कवळी परत पेल्यात ठेवली. सून चहा ठेवून गेली.

चालणे: एकूण तेरा नंबर, अधिक एक. जे ह्यांना सांगायचं ते एका परक्या बाईला सांगून आले. एक मात्र आहे. बाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मधे एकदाही तोंड घातलं नाही.

ह्यांनी घातलं असतं.