फळ्यावरचं नाव

लिमरिक, १० सप्टेंबर २०२५

ती. बाबांना निहारिकाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी आयरिश नागरिकत्व घेतल्याचं कळल्यापासून महिनाभर तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. पोस्टमनला काही तुम्ही कट करू शकत नाही.

काल डब्लिनला जाऊन भारतीय पासपोर्ट परत केला. आता मी आयर्लंडकडून स्केटिंग करणार. चाकांवर नव्हे, बर्फावर. नोव्हेंबरात हॉलंडला पहिली स्पर्धा आहे. रडू आलं, खोटं कशाला सांगू? पण पाच वेळा राष्ट्रीय विजेती होऊनही तीन वर्षं राखीव यादीत बसले, तेव्हा कोणाला रडू आलं होतं? अठ्ठावीस वर्षांची झाले मी. अजून थांबले तर पायच थांबतील. माफी मागत नाही, फक्त कळवते आहे.

राग आहेच, थोडा लोभही असू द्या.

तुमची, निहारिका

नागपूर, २९ सप्टेंबर

चि. निहारिका हिस आशीर्वाद (ते द्यावेच लागतात).

काय बाप्पा तोरा! माफी मागत नाही म्हणे. तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, पोरांना झेंड्याला सलामी द्यायला शिकवलं, आणि माझीच लेक दुसरा झेंडा छातीवर लावते. सहाव्या वर्षी तुझ्या पायात स्केट्स चढवले ते मी. दर रविवारी तुझ्या चाकांची बेअरिंगं रॉकेलमध्ये धुतली ती मी. एका शब्दानं विचारलंस मला?

भारताच्या ब्लेझरमधला तुझा फोटो भिंतीवरून उतरवून कपाटात टाकला आहे. हॉलंडच्या स्पर्धेत काय दिवे लावायचे ते लाव. पोरगी नीट जेवते ना, असं तुझी आई रोज विचारते. तिला कळव. मला काही कळवू नकोस.

तुझा बाप (अजून तरी), रवींद्र

लिमरिक, ३० नोव्हेंबर

ती. बाबांना सा. न., वि. वि.

आईला सांगा, जेवते. तुम्हाला मात्र कळवणारच. पंधराशे मीटरमध्ये चोवीस जणींत एकोणिसावी आले. हसा खुशाल! माझे कोच डॉनल म्हणाले, ग्रँड. मी पडले तरी ते ग्रँडच म्हणतात, पण या वेळी त्यांचे डोळे भरले होते. सुरुवातीच्या रेषेवर वाकून बर्फाला हात लावला, तुम्ही ट्रॅकला लावायला शिकवलं होतं तसाच.

तो फोटो कपाटातच राहू द्या. तो ब्लेझर मिळाला तेव्हा मी एकाही शर्यतीत उतरले नाही. राखीव खेळाडूला ब्लेझर मिळतो, शर्यत मिळत नाही.

लोभ कपाटात टाकू नये, ही विनंती.

निहारिका

नागपूर, २० डिसेंबर

चि. निहारिका हिस अनेक उत्तम आशीर्वाद (या वेळी मनापासून).

रविवारी आपल्या क्लबचे सेक्रेटरी पद्माकर एका रंगाऱ्याला घेऊन रिंकवर आले. विजेत्यांच्या फळ्यावरून तुझं नाव पुसायचं होतं त्यांना, तू परदेशी झालीस म्हणून. माझं डोकंच फिरलं! सगळ्यांदेखत सांगितलं, ती पाच वर्षं पोरगी याच ट्रॅकवर गुडघे फोडून घेत होती. नाव पुसायचं तर आधी मला पुसा. गेले दोघंही परत. रंगारी रंगाचा डबा विसरला, तर मीच शिडीवर चढून तुझं नाव पाचही ठिकाणी पुन्हा गिरवलं. अक्षर वाकडं आलंय, पण ठसठशीत आहे.

माझा राग गेला असं समजू नकोस. पण तुझ्यावर रागवायचा हक्क माझा आहे, पद्माकरांचा नाही.

आणि तुझी हॉलंडची शर्यत मी मोबाइलवर पाहिली, आईला सांगू नकोस. शेवटच्या वळणावर डावा खांदा अजूनही वर येतो तुझा. कितीदा सांगितलं होतं! खांदा खाली ठेवलास तर सोळावी येशील.

फोन कर. उचलतो.

बाबा