सफरचंदाची राख

माशिको, गुरुवार

प्रिय बाबा,

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. पण आज जाम वैतागलेय.

इथे सगळे मातीच्या भांड्यांवर पाइनच्या राखेचं ग्लेझ करतात, तो काचेसारखा चकचकीत लेप. मला आपल्या बागेतल्या सफरचंदाच्या राखेचं करायचं होतं, दुधासारखं पांढरं. कुंभारकाम शिकवणाऱ्या सेन्सेईंनी पहिल्यांदाच प्रदर्शनासाठी भट्टीत मला जागा दिली, आणि चहाच्या वाट्या निघाल्या गंजासारख्या तपकिरी. सेन्सेई म्हणाले, "शिओरी, वडिलांनी सायकल जाळली का गं?" सगळे हसले.

तुम्ही पाठवलेल्यातली उरलेली राख पुन्हा चाळली, तर तारेचे तुकडे सापडले. फळांना बांधतो त्या कागदी पिशव्यांच्या तारा. राखेत लोखंड मिसळलं की ग्लेझ तपकिरी होणारच. फोनवर किती वेळा सांगितलं होतं, बाबा, फक्त फांद्या जाळा म्हणून. आता प्रदर्शनात माझं काहीच नाही.

आईचं मुळ्याचं लोणचं मुरलं का?

एक मात्र डोक्यातून जात नाहीये. बागेत एक तार पडलेली दिसली तरी तुम्ही आम्हाला ओरडायचात. आता पिशव्या वेगळ्या काढायला वाकताच येत नाहीये का? मागच्या वेळी तर "पाठ ठीक आहे" म्हणालात.

राख नका पाठवू. पाठीचं खरं लिहा.

तुमचीच,
शिओरी