उसातली हाक

६ जानेवारी १९४६
पोचलो एकदाचा. कोरेगाव स्टेशनवर उतरलो, पुढे बैलगाडी. गाडीवानाने उसाचं कांडं दिलं, ते चावून चावून जबडा अजून ठणकतोय. पण मजा आली.

लढाईवरून मन बिघडून परत आलेल्या शिपायांना मदत करायला पुण्याच्या समितीने मला पाठवलंय. कॉलेजात सायकॉलॉजी शिकलो, ते आता खरोखर वापरायला मिळणार. राहीबाईंच्या घरी उतरलोय. थोरला मुलगा कृष्णात ब्रह्मदेशातून परतलाय, तोच माझा पहिला पेशंट. धाकटा जोतीराम शेती बघतो. सगळे मला सायेब म्हणतात. नाव कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. खरं तर आवडलंच मला ते.

९ जानेवारी
कृष्णात उंच, मवाळ माणूस. पाठीमागे कुणी उभं राहिलेलं चालत नाही. काल तांब्या पडला तर त्याने जोतीरामाची मान धरली, सोडवायला तिघं लागले. मग स्वतःच कोपऱ्यात बसून रडला.

सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. हसला. म्हणाला, ‘च्यायला, श्वास बी इंग्रजीतनंच घ्यायचा व्हय?’ पण घेतला, आणि हाताची थरथर थांबली. मला केवढा आनंद झाला.

एक गोष्ट मात्र खटकते. ऊस डोक्याच्या वर, आत माणूस दिसत नाही. म्हणून तोडताना सगळे सारखे त्याला हाका मारतात. ‘किस्नाऽ’ की तो ‘हाय’ म्हणून ओ देतो. ओ आली नाही तर कोयते थांबतात. घरीसुद्धा आई चुलीपासून हाक मारते. बिचाऱ्याच्या डोक्याला विश्रांती कशी ती नाही.

१२ जानेवारी
आज तो मोकळा बोलला. तिकडच्या जंगलात दुश्मन लपून हिंदुस्तानीत ओरडायचा, साब, ओ साब. ओ दिली की संगीन. म्हसवडचा कोंडीबा याचा जिवलग, त्याने ओ दिली. दुसऱ्या दिवशी धड मिळालं, डोकं काठीला लावलेलं. तेव्हापासून लांबून ‘साब’ अशी आरोळी ऐकली की याचा हात आपोआप चालतो. ‘किस्ना’ हे घरचं नाव दुश्मनाला ठाऊक नसतं, म्हणून त्या हाकेला तेवढी तो ओ देतो.

म्हणजे प्रत्येक हाकेबरोबर जखम पुन्हा उघडी पडते. हाका बंद करायला हव्यात. पुस्तकात स्पष्ट आहे, शांतता हे पहिलं औषध.

१३ जानेवारी
सगळ्यांना सांगून टाकलं. गुऱ्हाळात दस्तगीर गुळव्या रसाची काहील ढवळत होता. म्हणाला, ‘सायेब, बैलाची घुंगरं काढली म्हंजी बैल हलका हुतो व्हय?’ सगळे खो खो हसले, मीही हसलो. राहीबाई मात्र तयार नव्हत्या. शेवटी एवढंच विचारलं, ‘त्येला झोप लागंल का वो?’ मी म्हटलं, लागेल. शब्द दिला.

१९ जानेवारी
यश. झोपतो. दचकत नाही, हात अगदी स्थिर. बोलत मात्र नाही. चालतो इतका हलका की पाऊल वाजत नाही, जोतीराम म्हणतो मांजर झालंय. अंगाला उसाचं पाचट बांधून घेतो. थंडीसाठी असेल. कोयता सारखा घासतो, दोन्ही बाजूंनी.

पुण्याला रिपोर्ट पाठवला.

२२ जानेवारी
गोठ्यामागे कुत्रा पडलेला. गळा चिरलेला, जीभ कापून शेजारी ठेवलेली, नीट. कृष्णातला विचारलं. शांतपणे म्हणाला, ‘लय आवाज करत हुतं.’

जोतीराम घाबरलाय. म्हणाला, पुन्यांदा हाका सुरू करू या. मी म्हटलं, अजून थोडे दिवस दे. आजार निघून जाताना असं उफाळतं. कुत्रा आम्ही दोघांनी पुरला. राहीबाईंना सांगितलं, लांडग्याने नेला.

२५ जानेवारी
जोतीराम गेला.

दुपारी भावाला भाकरी द्यायला उसात शिरला. हाक न मारता. माझा नियम. आधी भाकरी सापडली, मग बोटं. मग तो. मान एका कातड्यावर लोंबणारी. तोंडात पाचट कोंबलेलं, ओरडू नये म्हणून. दस्तगीर पुढे झाला तर उसातून नुसता कोयता आला, त्याच्या दंडाचं हाड दिसतंय.

राहीबाई रडल्या नाहीत. बांधावर उभं राहून हाक मारली, किस्नाऽ. ओ आली नाही.

२६ जानेवारी, सकाळ
गावाने फड वेढलाय. पलिते तयार. पोलीस आले तरी गोळीच घालतील, मग आत्ताच पेटवून द्या म्हणतात. मी थांबवलं. राहीबाईंनी माझे पाय धरले. तुमीच बंद केलं, तुमीच चालू करा. एक तरी लेक द्या.

जातो. डायरी खिशात आहे.

तोच दिवस, उसात
आत आलो. पाती चिरतायत, चेहरा ओला, बहुतेक रक्त. हाक मारली, किस्ना. माझ्या तोंडी ते नाव परकं वाटलं, मलाच. ओ नाही. सळसळ थांबली, मग फिरली. माझ्याभोवती.

तोंड उघडवत नाही. म्हणून लिहितोय. श्वास सावकाश. सावकाश. उपयोग होत नाही याचा, काही उप—

राहीबाई बांधावरून हाक मारतायत. किस्नाऽ किस्नाऽ

‘हाय.’

आला आवाज. उजवीकडे, हाताच्या अंतरावर. लहान मुलासारखा. कोयता खाली आहे. डोळे दिसले, ओळखीचे. रडतोय. पुन्हा मारा हाक, आई, थांबू नका—

थांबल्या. का थांबल्या

आता माझी काळजी वाटतेय त्यांना. मी बाहेर आलो नाही म्हणून. मला हाक मारणार. कुठल्या नावाने. माझं नाव कुणालाच—

‘सायेऽब. ओ सायेब.’

नको

सगळा बांध ओरडतोय. दस्तगीरसुद्धा. साब, ओ साब

रडणं थांबलं त्याचं. पाचट वाजत नाहीये. डोळे तिथे नाहीत

नाव घ्या माझं. आई, माझं नाव वसं