बिवलकरांच्या गॅरेजमधल्या पँथरची निरवानिरव

मी, हेमचंद्र दिगंबर बिवलकर, वय एकाहत्तर, राहणार स्कोकी, इलिनॉय, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल माझी पत्नी सुचित्रा हिचं मत वेगळं आहे, पण ते कायद्याने ग्राह्य नाही. येत्या बुधवारी माझी बायपास आहे. डॉक्टर निर्धास्त आहेत, मीही आहे. तरी आवराआवर झालेली बरी.

१. घर आणि बँकेतली शिल्लक सुचित्राची. जेवणाचं टेबलही तिचंच. त्यावरची माझी जर्मन रणगाड्यांची मॉडेलं उचलतो, असा शब्द मी तिला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसापासून देत आलो आहे. या कलमान्वये तो पाळला जाईल.

२. चिरंजीव अमेय यास एकही रणगाडा मिळू नये. "बाबा, मी ते सगळं ईबेवर टाकीन, टू वीक्समध्ये क्लिअर होईल," हे उद्गार त्याने सांता क्लाराहून फोनवर काढले आहेत. सुटे भाग कातायची लेथ मात्र त्याला द्यावी. कधीतरी त्याचेही हात काळे होऊ देत.

३. टायगर नावाचा रणगाडा नात आरोहीला. त्याची चाकं एकमेकांत अशी अडकवलेली, की आतलं एक बदलायचं तर बाहेरची कितीतरी उतरवावी लागतात. सगळी उतरवून झाल्यावर तिने विचारलं, "आजोबा, हू थॉट धिस वॉज अ गुड आयडिया?" त्या लोकांना असं विचारणारं तेव्हा कुणी भेटलं नाही, हे जगाचं नशीब. कुठल्याही रणगाड्यावर नाझी राजवटीचं चिन्ह मी रंगवलेलं नाही, पुढेही कुणी रंगवू नये. माझी हौस यंत्रापुरती आहे.

४. आता पँथर. हा पितळी पँथर रणगाडा मी निवृत्तीपासून घडवतो आहे. तो चंद्रशेखर गुप्ते याला द्यावा.

बुलडोझरच्या कारखान्यात मी चाकं आणि सस्पेन्शन बघायचो, चंद्रशेखर गिअर. दर शनिवारी तो माझ्या गॅरेजमध्ये येऊन भांडायचा. मी म्हणायचो, रशियन टी-३४ बघून जर्मनांनी उतरतं चिलखत घेतलं, वर खडबडीत रानातही न हिंदकळणारी चाल दिली. याहून देखणा रणगाडा झाला नाही. तो म्हणायचा, वजन वाढवत गेले आणि इंजिनाची ताकद चाकांच्या पट्ट्यापर्यंत नेणारे शेवटचे गिअर, म्हणजे फायनल ड्राइव्ह, कच्चेच ठेवले. कुर्स्कच्या लढाईत निम्मे पँथर वाटेतच बसले. माझ्या सत्तरीला सुचित्राने पँथरचा केक मागवला, तेव्हा तो चारचौघांत म्हणाला, "केकच बरा रे, याला निदान चालावं लागत नाही." मी त्याला दार दाखवलं. तो गेला, आणि शनिवारही गेले. मला त्याची फार आठवण येते. हे इथे लिहितो, कारण तोंडावर बोलायला मी तयार नाही.

पँथर अद्याप चालत नाही. फायनल ड्राइव्हचे दात तीनदा तुटले. गुप्तेचं म्हणणं बरोबर होतं, ही नोंद माझ्या पश्चातच जाहीर व्हावी.

५. साक्षीदार दोन हवेत. एक शेजारच्या नंदाताई. दुसरा म्हणून सुचित्राने मला न विचारता चंद्रशेखरलाच फोन केला. आमची वकील शिवांगी म्हणाली, "काका, ते नाही चालणार. ज्यांनी विटनेस म्हणून साइन केलं त्यांना विलमधलं काही मिळत नाही. मी ऑफिसमधून कुणालातरी अरेंज करते." मी म्हटलं, त्याला पँथर हवा की सही करायची, हे त्यालाच ठरवू दे. सध्या तो स्वयंपाकघरात चहा पीत कलम चार वाचतो आहे. माझ्याशी अजून बोललेला नाही.

हे लिहिलेलं मी वाचून पाहिलं, मनासारखं उतरलं आहे, म्हणून सही करतो.

हेमचंद्र दिगंबर बिवलकर
स्कोकी, शनिवार, ८ ऑक्टोबर २००५

साक्षीदार:

१. नंदा पुरुषोत्तम राजवाडे

२. चंद्रशेखर गुप्ते. सही केली आहे, तेव्हा पँथर मला मिळणार नाही. नकोच आहे. हेम्या, तो तुझ्याच गॅरेजमध्ये राहू दे. बुधवारचं उरकून घरी ये, दात मी बसवतो.