देह आईच्या स्वाधीन

मी, नितेश धोंडू घाडी, वय २७, धंदा एसी दुरुस्ती, राहणार गोरेगाव (पूर्व), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरांनी धोका लपवलेला नाही. मी घाबरलेलो आहे, पण पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती चाललेली नाही. प्रयत्न मात्र दोन्ही बाजूंनी झाला.

१. वडिलांच्या पश्चात आलेल्या खोलीतील माझा हिस्सा आई विमला हिला द्यावा. थोरला भाऊ निलेश याने "गावची हवा चांगली" असे सांगून तिला कणकवलीला पाठवू नये. ती हवा मलाही माहीत आहे.

२. ड्रिल मशीन, गेज आणि व्हॅक्युम पंप माझा जोडीदार दादू यास. सेफ्टी बेल्ट त्याला देऊ नये. शिवण उसवली आहे, कापून फेकावा.

३. माझे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, निलेशदादास. नववीत शाळा सुटली. शुद्ध वाचणे-लिहिणे मी यातूनच शिकलो. चौदाव्या मजल्याच्या खिडकीबाहेर पाय टाकण्याआधी रोज प्रभूकडे एवढेच मागायचो, आज अक्कल दे. कोणता ब्रॅकेट वजन धरेल, कोणाला उलट बोलू नये, ते कळू दे. दादा, वाच अगर वाचू नकोस. पुन्हा चपलांच्या रॅकमध्ये मात्र ठेवू नकोस.

४. देह. वकील म्हणाले, याबद्दल लिहिलेले कायद्याने बांधत नाही. तरी लिहितो, कारण घरात भांडण यावरच आहे.

मी विश्वासी आहे, येशूला मानतो, म्हणून मला पुरावे, असे आधी लिहिले होते. रविवारी आमच्या मंडळीचे पाळक धोंडिराम कांबळे घरी आले. ते वाईट गृहस्थ नाहीत. आजारपणात रिक्षाने मला नेणारे-आणणारे तेच. पण त्या दिवशी म्हणाले, "नितेश आमचा आहे. तो मातीतच जाईल."

दादा उठून उभा राहिला. "तुमचा? याला शेंबूड पुसायला तुम्ही होता काय? घाड्यांच्या घरात कोणाला पुरत नाहीत!"

"निलेशभाऊ, त्याची इच्छा..."

"मग असं करा ना, अर्धा तुम्ही न्या, अर्धा आम्ही जाळतो!"

मी कॉटवर बसून ऐकत होतो. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पुरूंदेत तुका, झिला. तुका बरा वाटता ना? मगे झाला. पण भांडान जाव नको."

शास्त्रात एक राजा आहे. एका बाळावर दोन बाया हक्क सांगत त्याच्यापुढे आल्या. बाळाचे दोन तुकडे करा म्हटल्यावर जिने हक्क सोडला, तीच आई, हे त्याने ओळखले. मला तर ओळखायचेही काही नव्हते. मी इतके दिवस अक्कल मागत होतो आणि ती भाजी निवडत बसली होती.

म्हणून लिहितो. माझा देह आईला द्यावा. तिने जाळावा. तिच्या माणसांत जे करतात ते सर्व तिला करू द्यावे. पाळकसाहेबांनी रागावू नये. माझी प्रार्थना हवी तर मंडळीत करावी, घराच्या दारात नाही. जाळल्याने मी प्रभूच्या हातातून सुटतो असे मला वाटत नाही. वाटले होते, दोन दिवस झोप नव्हती. आता वाटत नाही.

५. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर नितेशचे काहीतरी राहिले, आईवर राग धरून गेला, असे कोणी म्हणू नये. तिला नवस बोलायला लावू नये. माझे काही राहिलेले नाही. आई, तू उन्हात वाट बघत बसू नकोस. घरी जा आणि जेव.

हे मी पुन्हा वाचून, खाडाखोड न करता, खालील दोघांसमोर सही केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही.

सही: नितेश धोंडू घाडी

साक्षीदार:
१. मुकुल शिरोडकर, शेजारी
२. इरावती पाटकर, शेजारी

गोरेगाव (पूर्व), मुंबई
दिनांक १२ जून २०२५