छर्रे का पसरतात

९ नोव्हेंबर, येडगाव
आज ह्यांनी एअरगन खाली काढली. झटका आल्यानंतर पहिल्यांदाच. पावसाळ्यात डावी बाजू गेली होती. पाय बऱ्यापैकी आला, हात नाही आला. जन्मभर खांबावर चढलेल्या वायरमनचा हात, आता कपाचा कानही धरत नाही.
नळी सांध्यात मोडून खाली ओढली की आत स्प्रिंग भरते. त्याला दोन हात लागतात, म्हणून ती मी ओढून दिली. छर्राही मीच घातला. गोठ्यामागच्या मातीच्या ढिगाला पुठ्ठा लावला होता. पहिला वरच्या कोपऱ्यात. दुसरा पार खाली. तिसरा पुठ्ठ्याला लागलाच नाही.
पूर्वी ह्यांचे सगळे छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जायचे.
“गार वाटतंय” म्हणून आत गेले. बाहेर चांगलं ऊन होतं.

११ नोव्हेंबर
अंगणवाडीतून कामावरून आले तर बंदूक ह्यांच्या मांडीवर. बंदुकीतच दोष आहे म्हणतात. इतके महिने खुंटीला टांगून राहिली, कुठंतरी ढिली झाली असणार. मी हो म्हणाले. देवा, बंदुकीतच असू दे.
रमेशभाऊंना फोन केला. बोरीला मोटार रिवायंडिंगचं दुकान, ह्यांचे निशाणातले जोडीदार. दरवर्षी दोघं तळेघरला जातात, तिथलं मंडळ माघात एअरगनची स्पर्धा ठेवतं. यंदाचा विषय घरात कुणी काढलेला नाही.

१६ नोव्हेंबर, रवि.
रमेशभाऊ आले. पान्हे, तेल, सगळं घेऊन. दस्त्याचे, म्हणजे नळीखालच्या लाकडाचे, स्क्रू खरंच ढिले निघाले. दस्ता हातात नुसता हलत होता. ह्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू.
रमेशभाऊ म्हणाले, आधी वहिनींना मारू द्या, म्हणजे बंदुकीचं काय ते कळंल. मी खुर्चीत बसून मारले. कधीतरीच मारते, तरी सगळे जवळजवळ पडले. झालं, बंदूक दुरुस्त झाली.
मग हे बसले. डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं एकेक करून दस्त्याभोवती बसवली, खांदा घट्ट दाबला. दंड थरथरत होता.
पुन्हा पसरले. होते तसेच.
रमेशभाऊ चहात बघत राहिले.

१७ नोव्हेंबर
मी मुद्दाम वाकडे मारायला हवे होते. दिवसभर हेच डोक्यात.

२१ नोव्हेंबर
आता छर्ऱ्यांवर संशय. जुना डबा, काही छर्रे चेपलेले. नारायणगावला फिजिओ मॅडमकडे जायचंच होतं, येताना नवा डबा आणला.
मॅडमनी हाताची मूठ करायला सांगितली. अंगठा हलला, बोटं नाही. स्पंजचा बॉल दिलाय, सकाळ-संध्याकाळ दाबायचा. गाडीत हे म्हणाले, “तो हात माझा हाय असं वाटतंच न्हाई. कुणीतरी आणून लावलाय.”
बॉल देवळीत पडलाय.

२३ नोव्हेंबर
नवे छर्रे, तरी तेच. मग नळी साफ केली. धरणावर मासे धरणाऱ्यांकडून तंगुसाची दोरी आणली, तिला चिंधी बांधून नळीतून ओढली. चिंधी काळीकुट्ट निघाली. पुन्हा आशा वाटली.
काही फरक नाही.
नळीच्या सांध्यावर पावडर टाकून बघितली, हवा निसटत असेल तर उडते म्हणून. उडाली नाही. सांध्यातला वायसर चांगला आहे. बंदुकीत आता काही म्हणजे काहीच उरलं नाही बिघडायला.

३० नोव्हेंबर, रवि.
रमेशभाऊंनी वेगळं काढलं. ह्यांना म्हणाले, तात्या, हात नकोच. बंदूक पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर टेकवा आणि मारा. कठडा तर हलणार नाही. बरोबरच वाटलं मला. पण कठड्यावरून सगळे पुठ्ठ्याच्या वर गेले. मी मारले तेही वरच. रमेशभाऊ चक्रावले. हे म्हणाले, बघा, कठड्यालासुद्धा जमंना.
त्यात थोडं हसले. मग बंदूक पुसली आणि माळ्यावर टाकायला सांगितली. खुंटीला नाही, माळ्यावर.

४ डिसेंबर
ऑफिसमधून त्यांच्या साहेबांचा फोन. खांबावर नको, तक्रारी घ्यायला टेबलावर बसा, कधी येता? हे म्हणाले, बघतो. फोन ठेवल्यावर मला, “टेबलावर बसून लोकांना लाईट कधी यील ते सांगायचं. मी सांगायचो न्हाई, आणायचो.”
जेवले नाहीत नीट.

१० डिसेंबर
कांद्याची लागण चालू. बायका मिळत नाहीत. उसात बिबट्या दिसला, म्हणून पाचलाच सगळे घरात. हे ओट्यावर बसून रस्ता बघतात. बोलणं कमी. टीव्ही लावला की बंद करतात.

१९ डिसेंबर
न विचारता बंदूक माळ्यावरून काढली. म्हटलं ओरडतील. ओरडले नाहीत. मीच म्हटलं, तुम्ही नका मारू, मी मारते, तुम्ही कुठं लागला तेवढं सांगा. खुर्ची घेऊन बसले शेजारी. चुका काढायला लागले! श्वास सोड, घोडा ओढू नको, दाब. कितीतरी दिवसांनी इतकं बोलले.

२२ डिसेंबर
हे नीट लिहून ठेवते.
दुपारी चारच्या सुमाराला. मी पुठ्ठा बदलायला निघाले, बंदूक त्यांच्याकडे दिली, भरलेली नव्हती. त्यांनी मांडीवर घोंगडी घेतली होती थंडीची. ती कठड्यावर घडी करून टाकली, वर डावा हात, पंजा वर करून, जसा पडतो तसा पडलेला. त्या पंजावर बंदूक नुसती ठेवली. धरली नाही, धरणार कशी. मी परत आले. म्हणाले, भर एक. भरली. मी मागं सरकले.
मधोमध.
मला वाटलं लागला असेल चुकून. पुन्हा भरली. पहिल्याच्या कडेला चिकटून. तिसरा जवळजवळ त्याच भोकात. पुठ्ठा नेऊन हातात दिला तर भोकावरून बोट फिरवत राहिले. मला म्हणाले, “मी कायच केलं न्हाई. नुसती ठिवली व्हती.”
मी आत जाऊन पोळ्या लाटल्या. लाटता लाटता रडले.

२३ डिसेंबर
रमेशभाऊ दुकान बंद करून आले. स्वतः बघितल्याशिवाय विश्वास बसेना. पुन्हा तसंच झालं. मग विचार करून म्हणाले, स्प्रिंग सुटली की बंदूक आधी मागं जाते, लगेच पुढं उसळते, आणि छर्रा अजून नळीतच असतो. तिला उसळू द्यायचं, दर वेळी सारखं. आवळली की दर वेळी वेगळी उसळणार. आणि कठडा टणक, त्यावरून ती उडणार. “तात्या, तुमी पहिल्यापासून आवळूनच धरायचा. ताकद व्हती म्हणून एकसारखी आवळली जायची. आता ती राहिली न्हाई, तर थरथर.”
हे म्हणाले, “खांबावर सैल धरून चालतं का?”
तेही खरंच.

५ जानेवारी
रोज संध्याकाळी पाचच्या आत सराव. भूक वाढली. दाढी करतात. कुणी आलं की पुठ्ठा दाखवतात. तळेघरचं नाव ह्यांनीच काढलं. बसून मारलं तर चालेल का, ते रमेशभाऊंनी मंडळाच्या पोरांना विचारून घेतलं. चालेल.

१४ जानेवारी
तिळगूळ द्यायला फिजिओ मॅडमकडे गेलो. त्यांनी मूठ बघितली आणि विचारलं, व्यायाम करता का? हे म्हणाले, करतो. करत नाहीत. घरी आल्यावर बॉल पुढं ठेवला. म्हणाले, कशाला? हात असा मऊ पडतो म्हणून तर नेम बसतोय. त्यात ताकद आली की पुन्हा आवळणार.
चेष्टेत म्हणाले असं आधी वाटलं. नव्हतं चेष्टेत.
लग्नाला इतकी वर्षं झाली, मी आवाज चढवत नाही. आज चढला. म्हटलं, “मला नेम नको. मला तुमचा हात पाहिजे. बंदूक आज आहे, उद्या नाही.” हे हळूच म्हणाले, “अगं, एवढं एकच जमतंय मला.”
त्यांच्याशेजारी बसून राहिले. बॉल दोघांच्या मधे.

१५ जानेवारी
सकाळी अंघोळीच्या आधी बॉल हातात दिसला. मी बघितलं नाही असं केलं.

२९ जानेवारी
बोटं मिटतात! पूर्ण नाही, पण तर्जनी आणि मधलं. मॅडम खूश. शेंगांचं टरफल फोडायला लावलं तर दोन फोडल्या.

३ फेब्रुवारी
व्हायचं तेच झालं. छर्रे पसरले. नोव्हेंबरइतके नाहीत, पण रुपयाच्या बाहेर. बंदूक पंजावर ठेवली की बोटं आपोआप वर येतात आणि दस्ता धरतात. हे त्यांना म्हणतात, गप पडा, ती ऐकत नाहीत. त्यांना कशाला बोलायचं. किती वाट बघितली त्यांची.
हे चिडले नाहीत. पुठ्ठ्याकडं बघून म्हणाले, मेलेला हात सैल सोडणं सोपं व्हतं.
रमेशभाऊ म्हणतात शिकता येईल. बोटं सरळ ठेवून, नुसता पंजा. वेळ लागेल. स्पर्धेला वेळ कुठं आहे?

८ फेब्रु.
साहेबांना ह्यांनी स्वतः फोन केला. पुढच्या महिन्यापासून टेबलावर. आवाज साधा होता. मला नंतर म्हणाले, लाईट कधी यील ते खरं खरं सांगीन लोकांना. एवढं तरी.

१२ फेब्रु.
सरावाला आज काही जवळ, काही लांब. जवळचे कशानं जवळ पडले ते कळत नाही. जाऊ नये असं मला वाटतं, पण बोलले नाही. जायचं ठरलंय.

१५ फेब्रु., तळेघर
रमेशभाऊंच्या पाहुण्यांकडे उतरलो. नाचणीची भाकरी, हुलग्याची आमटी. इथं येडगावपेक्षा किती गार. उद्या सकाळी स्पर्धा. पुठ्ठे लावायचं काम चालू होतं, हे लांबूनच बघून आले.
घोडेगावात दोनची एसटी मिळाली. गर्दी नव्हती. रमेशभाऊ मागं बंदुकीचं बोचकं धरून, मी आणि हे पुढं. डिंभ्याच्या पुढं घाट लागला. ड्रायव्हर जोरात होता. एका वळणावर मी सरकून ह्यांच्या अंगावर गेले. बघते तर ह्यांचा डावा हात पुढच्या सीटच्या दांड्यावर. चारही बोटं आवळलेली, नखं पांढरी. पुढच्या वळणावरही सोडला नाही. हे खिडकीतून डोंगर बघत होते, कोणाचं शेत कुठपर्यंत आहे ते मला सांगत होते. हाताकडं लक्षच नव्हतं.
तळेघरपर्यंत त्या हाताकडंच बघत आले.